लाँगमध्ये चेहरा दिसत नाही

नाकाच्या शेंड्याला टेपचं पितळी टोक टेकलं, तेव्हा मला कळलं की आता आपलं काही खरं नाही. टेपचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या भिंगापाशी धरलेलं होतं. टेप धरणारा असिस्टंट चाळिशीचा गृहस्थ होता आणि माझ्या नाकाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कापडाच्या दुकानात मापं सांगतात तशा आवाजात तो ओरडला, "चार फूट!" आणि मागं बसलेल्या कुणीतरी भिंगाभोवतीची चकती फिरवली. मी घाबरून रांगेत पलीकडे उभ्या असलेल्या, आमच्या माडीवरच्या काकूंकडे पाहिलं. त्या डोक्यावरची घागर सांभाळत कौतुकानं हसत होत्या. त्यांना वाटत होतं, माझं नशीब उघडलं.

तेव्हा सिनेमे अजून काळेपांढरे निघत होते आणि मी चोवीस वर्षांची होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आठवडाभर आम्ही तिघंच असायचो, मामंजी, आत्याबाई आणि मी. नवरा गारगोटीला कचेरीत नोकरीला होता. तो शनिवारी दुपारच्या गाडीनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी जवळच्याच एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते.

मामंजी म्हणजे माझे सासरे, कोर्टातून निवृत्त झालेले. सुनेला नोकरी करू दिली म्हणून पेठेत त्यांचं कौतुक व्हायचं आणि ते कौतुक त्यांना मनापासून आवडायचं. पण परवानगी देताना त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "पेठेत कुणी आपल्या घराकडे बोट दाखवलं, की त्या दिवसापासून शाळा बंद. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही." मामंजी कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. आणि शाळा बंद झाली असती तर मी त्या घरात गुदमरले असते, हे आज मी मोकळेपणानं सांगते. सकाळी साडेदहाला चप्पल पायात घालून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं, एवढ्यावर माझा अख्खा दिवस उभा असायचा.

आत्याबाई माझ्या सासूबाई. माहेर कोडोलीचं, शेतकऱ्याचं, आणि बोलणं शेवटपर्यंत तिथलंच राहिलं. माझं लग्न झालं तेव्हाच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणत, पिकू दे, मग काढू. तो काही पिकत नव्हता. ताटात भाकरी कुठं आणि आमटी कुठं हे त्या बोटांनी चाचपून बघायच्या. समोरच्या माणसाचे डोळे-नाक त्यांना दिसत नसत, दिसायचा तो नुसता काळा आकार. पण स्वयंपाकघरात बसल्या बसल्या, दारातल्या उजेडातून कुणी आत आलं की त्या चालीवरून नेमकं नाव घ्यायच्या. दूधवाला असो, पोस्टमन असो, त्यांची कधी चूक झाली नाही.

लहानपणी विहिरीच्या पायरीवरून पडून माझा डावा घोटा मोडला होता. हाडवैद्यानं बसवला तो जरा तिरकाच बसला. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, पण फार दमले की तो पाय मागं राहतो, किंचित ओढल्यासारखा. नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ओळखलं. मी शाळेतून आले की त्या चुलीपासूनच म्हणायच्या, "आज लई उभी ऱ्हायलीस व्हय गं? पाय वडाय लागलीयास. बस जरा, भाकरी मी थापती."

आमच्या माडीवर भाडेकरू काकू राहायच्या. स्टुडिओवाल्यांना गर्दीच्या सीनसाठी बायका लागल्या की त्या गोळा करून न्यायच्या. कोल्हापुरात तेव्हा गर्दीत उभी राहिलेली माणसं गल्लोगल्ली सापडायची. कुणी सैनिक झालेला असायचा, कुणी वऱ्हाडी. पण आमच्यासारख्या कचेरीवाल्या घरांत सिनेमा बघायचा असायचा, त्यात दिसायचं नसायचं. दिवाळीच्या सुट्टीत काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "रंकाळ्याच्या पल्याड शूटिंग हाय. बघाय चल की. बघायला काय हरकत हाय?" मी घरात सांगितलं, शिक्षिकांचं शिबिर आहे. आयुष्यात इतक्या सहज मी कधी खोटं बोलले नव्हते.

तिथं गेल्यावर कळलं, बारा बायका लागणार होत्या आणि अकराच आल्या होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण सांगू का, मला हौस होती. मी नाही म्हणाले, पण ते कुणालाच ऐकू जाऊ नये अशा बेतानं. दहा मिनिटांत मी स्टुडिओच्या पेटाऱ्यातलं जुनं नऊवारी लुगडं नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून, हातात पितळेची घागर घेऊन उभी होते.

कॅमेरामन पन्नाशी उलटलेला होता. गळ्यात दोरीला एक काळी काच. ती डोळ्याला लावून तो सारखा उन्हाकडे बघायचा. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "यात माझा चेहरा दिसेल का हो?" तो हसला नाही. म्हणाला, "बाई, हा लाँग शॉट हाय. कॅमेरा पाण्याच्या ह्या काठाला, तुम्ही त्या बांधावर, आणि सूर्य तुमच्या पाठीमागं. नुसत्या काळ्या सावल्या येतील. लाँगमध्ये चेहरा दिसत न्हाई. घरच्या माणसाला बी ओळखू यायचं न्हाई." मी ते वाक्य मंत्रासारखं घोकत बांधावर गेले.

तो शॉट आठ वेळा झाला. एकदा मध्येच म्हैस शिरली. एकदा तिसऱ्या नंबरच्या बाईनं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. चौथ्या खेपेला डायरेक्टर कर्ण्यातून ओरडला, "घागरी रिकाम्या हायत न्हवं? रिकाम्या घागरीची चाल लांबनं बी कळती! भरून घ्या सगळ्याजणी!" मग आम्ही पाण्यानं काठोकाठ भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन चाललो, परत आलो, पुन्हा चाललो. मानेला रग लागली, घोटा ठणकायला लागला. पण मनात मी खूश होते. इतक्या लांबून कोण ओळखतंय! रिकाम्या घागरीबद्दल तो जे ओरडला, त्याचा अर्थ डोक्यात शिरायला मला पुढं कितीतरी महिने लागले.

शॉट संपला तसा टेपवाला असिस्टंट वही घेऊन रांगेपाशी आला. कुठल्या बाईच्या हातात कसल्या बांगड्या, कुणाचा पदर कसा, हे सगळं तो लिहून घ्यायला लागला. माझ्यापाशी थांबून त्यानं लिहिलं, "सातवी. हिरव्या बांगड्या. घागरीला डावा हात." मग सगळ्यांना सांगितलं, "उद्या ह्याच क्रमानं यायचं. एक बी बाई बदलली तर आजचं सगळं वाया जाईल." मी म्हटलं, मी नुसती बघायला आले होते. तो म्हणाला, "आता तुम्ही शॉटमध्ये हाय, बाई."

त्या संध्याकाळी मामंजींनी शिबिरात काय शिकवलं ते विचारलं. मी म्हणाले, फळ्यावरचं अक्षर, आणि शिबिर उद्याही आहे. त्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "शिबिराला चालत गेलतीस काय गं? गरम पाण्यात पाय सोडून बस."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पाण्याला वळसा घालून आमच्या बाजूच्या काठाला आला. काठावर बसून घागरी भरणाऱ्या बायका, कमरेपासून वर. याला मिड म्हणतात, हे काकूंनी मला विड्याचं पान चघळत सांगितलं. कॅमेरा आपल्या जागेवर उभा राहून नुसती मान फिरवायचा, पहिल्या बाईपासून बाराव्यापर्यंत. त्याला पॅन म्हणतात. मी मनात आकडे मोजत होते. ते काळं तोंड पाचवीवर आलं की मी घागर बुडवायला वाकायचे आणि नववीवर गेलं की उठायचे. तीनदा असं झालं. डायरेक्टरच्या लक्षात आलं नाही, पण कॅमेरामननं काच डोळ्यावरून खाली घेतली आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, हा आता सगळ्यांसमोर बोलणार. त्यानं काच परत डोळ्याला लावली आणि तो उन्हाकडे वळला.

आणि तिसऱ्या दिवशी रूळ आले. जमिनीवर लोखंडी रूळ अंथरून, खाली फळकुटं ठोकून ते पाणसळीत, एका पातळीत आणले. त्यावर चाकांची फळी, फळीवर कॅमेरा, मागून दोन माणसं ढकलणार. गावातल्या बायकांना वाईट बातमी कळते आणि कॅमेरा एकेकीच्या तोंडासमोरून सरकत जातो, शेवटी नायिकेपाशी थांबतो, असा तो सीन होता. नायिका त्या दिवशी आमच्या रांगेत आठवी उभी होती. म्हणजे तिच्या आधीचा शेवटचा चेहरा माझा. चार फुटांवरून. मोठ्या पडद्यावर तो दोन पुरुष उंच होईल, असं मघाशीच कुणीतरी बोललं होतं.

लाँगला टेप लागत नाही. टेप नाकाला लागली की समजायचं, आता सुटका नाही. चांदीचा कागद डकवलेले मोठे फळे धरून माणसं उभी होती, त्यांची तिरीप डोळ्यांत जात होती. चाकांचा आवाज जवळ यायला लागला. पाचवी. सहावी. ते भिंग माझ्यासमोर आलं आणि माझा हात माझ्या नकळत वर गेला आणि पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला गेला. मामंजी समोर आले की जसा जायचा, तसाच.

"कट!" डायरेक्टर उभा राहिला. "ओ बाई! सासरा आलाय काय हितं?"

सगळे खो खो हसले. नायिकासुद्धा हसली. मला वाटलं, जमीन फाटावी. कारण त्याला काय माहीत, त्या भिंगात मला खरोखर सासराच दिसत होता. दुसऱ्या वेळी मी दोन्ही हात घागरीला घट्ट धरले, तरी भिंग समोर आलं तसा उजवा हात सुटला आणि पदर खाली. आता मात्र कुणी हसलं नाही. फिल्म महाग, ऊन उतरत चाललेलं. डायरेक्टर तोंडाला येईल ते बोलला. मला काढताही येईना, कारण आधीच्या दोन्ही दिवशी सातवी मीच होते.

कॅमेरामन फळीवरून उतरला आणि घागर बघण्याच्या निमित्तानं माझ्यापाशी आला. हळूच म्हणाला, "घरात ठाव न्हाई, व्हय?" मी मान हलवली. "कळलं तर?" मी म्हणाले, "शाळा सुटेल माझी." त्यानं काच पुसली. म्हणाला, "उगं खोटं सांगत न्हाई. लाँगची काळजी करू नका, तो मी दिलेला शब्द हाय. ह्याचं मात्र माझ्या हातात हाय तेवढं बघतो. कापाकापी मुंबईत होती, थितं आपलं काय चालत न्हाई. आता एकदा नीट हुभं ऱ्हावा, न्हाईतर अंधार पडंपतूर तुम्हाला सोडणार न्हाईत."

तिसऱ्या वेळी मी पदर कमरेला खोचून टाकला. चाकं आली, भिंग आलं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नुसतं भीतीचं. भिंग पुढं सरकलं, नायिकेपाशी थांबलं, आणि डायरेक्टर आनंदानं ओरडला, "हेच पायजे होतं! ह्या सातवीनं काय रडलंय!" काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मात्र गार पडले होते. फसलेल्या दोन शॉटांत मी वाचले होते, आणि चांगला झाला तो नेमका तिसराच.

त्यानंतर सात-आठ महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कुणाला सांगणार नाही अशी काकूंनी अंबाबाईची शपथ घेतली होती आणि ती पाळली, पण फिल्म काही शपथेला बांधलेली नसते. ती मुंबईला धुवायला गेली, तिथं कुणीतरी कात्री घेऊन बसलं असेल, त्याच्यासमोर माझं रडकं तोंड लटकत असेल, हे मला वर्गात पाढे म्हणवून घेताना दिसायचं. भिंतीवर नवं पोस्टर दिसलं की मी आधी त्यातल्या बायका मोजायचे. शाळेचा शिपाई मला बोलवायला वर्गात आला की हातातला खडू गळून पडायचा. बहुतेक वेळा तो हजेरीचा कागद मागायला आलेला असायचा.

सिनेमा लागला. त्याच शनिवारी नवरा तीनच्या खेळाची चार तिकिटं घेऊन हसत घरात आला. मामंजींना ग्रामीण सिनेमा आवडायचा, म्हणून त्यानं मुद्दाम काढली होती. मी म्हणाले, माझं डोकं दुखतंय. मामंजी म्हणाले, "जाऊ तर सगळे जाऊ." आत्याबाई लुगडं नेसता नेसता म्हणाल्या, "मला काय दिसनार हाय? पर गानी आईकती की. चल गं, माझा हात धर." थिएटरात एका कडेला मामंजी, मग नवरा, मग मी, मग आत्याबाई. तिघांपैकी एकट्या आत्याबाईंची मला भीती नव्हती. म्हणून मी सगळा वेळ त्यांच्या बाजूला कलून बसले होते.

मध्यंतरानंतर ते पाणी आलं. घागरी भरणाऱ्या बायका आल्या, मी नेमकी वाकलेली. मग वाईट बातमी, आणि कॅमेरा सरकायला लागला. पहिलीचा चेहरा, दुसरीचा. काकू चौथ्या होत्या. त्यांचा चेहरा एवढा मोठा पडद्यावर आला आणि मामंजी मोठ्यानं म्हणाले, "अरे! या तर आपल्या माडीवरच्या!" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. नवरा हसला. पाचवी. सहावी. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. पडद्याच्या कडेनं एक कान आला, अर्धा ओला गाल आला, आणि एकदम नायिकेचा चेहरा. पूर्ण, मधोमध, रडणारा. माझं नाक मुंबईत राहिलं होतं. ते कॅमेरामननं केलं की कात्रीनं, मला कधीच कळलं नाही. ज्यानं केलं त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

मामंजी पडद्याकडेच बघत होते. नवरा शेंगदाणे खात होता. मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. सुटले, असं मला इतकं वाटलं की हसू फुटेल की काय याची भीती वाटायला लागली.

मग तो लाँग शॉट आला. तो त्यांनी शेवटाकडे वापरला होता. झगझगीत पांढरं पाणी, त्याच्यावर काळा बांध, आणि बांधावरून चाललेल्या बारा सावल्या. फार सुंदर दिसत होतं. मी निवांत बघत होते. मलाच मी ओळखू येईना, पुढून सात मोजावे लागले.

तेवढ्यात माझ्या मनगटावर आत्याबाईंचा हात आला. खरखरीत, घट्ट. त्या माझ्याकडे वळल्या नव्हत्या. पापण्या आवळून पडद्याकडे बघत होत्या. त्यांना कुजबुजता येत नसे, घरात त्यांचं साधं बोलणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज मला एकटीलाच ऐकू आला.

"लई दमलीवतीस गं."

मी पडद्याकडे पाहिलं. सातव्या सावलीचा डावा पाय दर पावलाला किंचित मागं राहत होता. माझ्याशिवाय तो कुणाच्या ध्यानात आला नसता, आणि माझ्याही आला नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं. आता ह्या बोलणार, मामंजी ऐकणार, आणि सोमवारी माझी चप्पल कोनाड्यात जाणार.

"भरल्याली घागर घ्यून चालीवलं व्हय मुडद्यांनी?" त्या तशाच हळू म्हणाल्या.

मामंजी पुढं वाकले. "काय झालं? काय म्हणतेस?"

आत्याबाईंचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. आणि मग त्यांचा नेहमीचा आवाज अख्ख्या थिएटरात घुमला, "काय न्हाई ओ! पुढलं गानं कवा लागतंय, इचारतीया!"

मागून कुणीतरी शुक् केलं. मामंजी वैतागून परत पडद्याकडे वळले. मी रडत होते, आणि अंधारात ते दिसत नव्हतं हे बरं झालं.

सोमवारी मी शाळेत गेले. त्यानंतर एकतीस वर्षं जात राहिले. आत्याबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. सिनेमा बघून आलो त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तेवढं त्यांनी न विचारता माझा घोटा मांडीवर घेतला आणि कोमट तेल लावून चोळला, मामंजी बाहेर काकूंच्या सिनेमातल्या तोंडावर बोलत होते तोपर्यंत. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "गप ऱ्हा. चोळू दे."

पुढच्या वर्षी त्यांचा मोतीबिंदू एकदाचा पिकला. ऑपरेशन झालं आणि महिन्या-दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा मिळाला. चष्मा लावून त्यांनी आधी मामंजींना बघितलं आणि "म्हातारं झालासा की ओ" म्हणाल्या. मग मला जवळ बोलावलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझं तोंड त्यांनी कधी धड बघितलं नव्हतं. त्यांनी माझी हनुवटी धरून एक वीत अंतरावरून बघितलं, कपाळ, नाक, गाल, सगळं. त्या काळ्या भिंगापुढं उभं राहताना जसं झालं होतं तसंच मला झालं. हात पदराकडे जायला लागला. त्या बघतच होत्या आणि त्यांच्या तोंडावर ओळख काही दिसेना.

शेवटी त्यांनी हनुवटी सोडली. "जरा चालून दाखीव बगू," म्हणाल्या.

मी दारापर्यंत चालत गेले आणि उजेडातून परत आले. त्या दिवशी मी दमले नव्हते, तरी डावा पाय मुद्दाम जरा ओढला.